गिरडचे दगड आणि हिंगोलीचं शून्य

तर झालं असं, की दिवाळीला घरी गेलो होतो. घर म्हणजे वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले, आणि मामा म्हणाले, चल गिरडला जाऊन येऊ. लहानपणापासून कितीदा गेलो असेन त्याची मोजदाद नाही. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, आणि तिथले ते प्रसिद्ध दगड. काही सुपारीएवढे, काही जायफळासारखे, गोलसर. आमच्याकडे गोष्ट सांगतात ती अशी, की दोन व्यापारी माल घेऊन तिथून चालले होते, त्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल, नारळासकट, दगड होऊन बसला. (भूगर्भवाले म्हणतात या लाव्ह्याच्या खडकातल्या झिओलाइट खनिजांच्या गाठी आहेत. ते बरोबर असणार, पण गोष्ट म्हणून मला व्यापाऱ्यांचीच जास्त आवडते.)

मामांनी एक दगड उचलला, दुसऱ्यावर आपटला. फुटला नाही. "याच्याहून टनक काय अशीन बे?"

आता मी पडलो पुण्यात राहणारा इंजिनियर भाचा. असा चान्स सोडतो का? लगेच सांगितलं, "मामा, न्यूट्रॉन तारा म्हणून एक प्रकार असतो. त्याच्या कवचातला पदार्थ पोलादाच्या एक हजार कोटी पट मजबूत आहे. विश्वातला सगळ्यात मजबूत पदार्थ." २०१८ साली ही बातमी सगळीकडे फिरली होती, तुमच्याही वाचनात आली असेल.

मामांनी दगड खाली ठेवला. "हो का? मंग तो कोनं तोडून पाह्यला?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर.

"म्हंजे तुमीच बनोला अन् तुमीच तोडला."

विषय संपला. खाली येऊन चहा प्यायलो, गाडी काढली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर मी ती बातमी इतक्या वेळा फॉरवर्ड केली होती आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ज्याचा रोजचा धंदाच सॉफ्टवेअर टेस्ट करण्याचा, त्याला पडला नव्हता! मग दोन-तीन वीकेंड वाचन केलं, त्यातून माझं जे मत झालं ते इथे लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. सूर्याच्या साधारण दीडपट वस्तुमान, आणि आकार म्हणाल तर वर्ध्याहून निघालात तर पुलगाव यायच्या आत तारा संपला. त्रिज्या बाराएक किलोमीटर. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा गाभा आत कोसळून हे उरतं. यातला वरचा सुमारे एक किलोमीटरचा थर घन आहे, अगदी स्फटिकासारखा घन. गंमत म्हणजे आतलं तापमान दहा कोटी अंशांच्या घरात असू शकतं आणि तरीही ते घन! आपण समजतो घन म्हणजे थंड होऊन गोठलेलं. इथे गोठणं थंडीने होत नाही, दाबाने होतं. अणूंचा इतका चेंदामेंदा झालेला असतो की इलेक्ट्रॉन मोकळे सुटलेले असतात आणि नुसती अणुकेंद्रं एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की त्यांच्यातलं विजेचं ढकलणं उष्णतेच्या हलकल्लोळाला पुरून उरतं. प्रत्येक जण सगळ्या शेजाऱ्यांपासून सारखं अंतर राखून उभा. झालं जालक तयार.

खोल जावं तसं आणखी विचित्र. कवचाच्या तळाशी अणुकेंद्रं एकमेकांना टेकायला येतात. तिथे एक घनसेंटिमीटर, म्हणजे एखाद्या लहानशा सुपारीएवढा ऐवज, कोट्यवधी टनांचा. एकीकडे अणुकेंद्रातलं बल सगळ्यांना एकत्र चिकटवायला बघतं, दुसरीकडे प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, आणि या ओढाताणीत गोळ्यांच्या शेवया होतात, शेवयांच्या पोळ्या होतात, पोळ्यांची चवड लागते. १९८३-८४ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली गेली, आणि तिला नाव पडलं न्यूक्लियर पास्ता. (कुणी मराठी माणूस तिथे असता तर नावं वेगळी पडली असती. असो.)

आता मजबुतीकडे. २००९ मध्ये होरोविट्झ आणि काडाऊ या दोघांनी या कवचाचं सिम्युलेशन केलं आणि ते तुटायला किती ताण लागेल ते काढलं. तो 'हजार कोटी पट' आकडा तिथला. मग २०१८ मध्ये कॅपलन, श्नायडर आणि होरोविट्झ यांनी खालच्या पास्त्याचं केलं. त्यासाठी प्रोसेसरचे वीस लाखांहून जास्त तास लागले. निष्कर्षामागचं कारण अगदी पटण्यासारखं आहे. आपलं पोलाद त्यातल्या अणूंच्या ताकदीच्या मानाने फार लवकर तुटतं, कारण त्यात बारीक भेगा असतात, पोकळ्या असतात, आणि भेग एकदा रुंदावायला लागली की थांबत नाही. ताऱ्यात इतका प्रचंड दाब आहे की भेगेला उघडायला जागाच नाही. त्यामुळे तो पदार्थ शेवटपर्यंत तग धरतो आणि मोडतो तेव्हा सगळा एकदम मोडतो.

मला हे काम अजिबात कमी लेखायचं नाहीये. पण मामांचा प्रश्न तसाच उभा आहे. तुम्हीच बनवला, तुम्हीच तोडला.

आमच्या एका प्रोजेक्टात असंच झालं होतं. लोड टेस्ट सुंदर पास. ग्राफ इतके देखणे की मॅनेजरने प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर लावले. लाइव्ह गेलो आणि पहिल्याच दिवशी दुपारी सगळं आडवं. टेस्टमध्ये काही चूक नव्हती हो! आम्ही जे युजर कल्पिले होते त्यांनी सिस्टिम पडत नव्हती, एवढंच. खरे युजर वेगळे वागले. ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती, त्यामुळे या विषयावर मी जरा हळवा आहे.

म्हणून मला वाटतं, 'विश्वातला सर्वात मजबूत पदार्थ' ही या सगळ्यातली सर्वात कमी महत्त्वाची बातमी आहे. खरी बातमी ही, की ताऱ्याचं कवच कधीमधी हिसका खातं, आणि तो हिसका पृथ्वीवरून, घड्याळ लावून मोजता येतो.

वेला नावाचा पल्सार घ्या. सुमारे हजार प्रकाशवर्षं दूर, सेकंदाला अकरा फेऱ्या मारतो. दर फेरीला आपल्याकडे रेडिओ लहरींचा एक ठोका येतो. हा भोवरा हळूहळू मंदावतोय, रोज त्याचा फेरीचा वेळ साधारण ११ नॅनोसेकंदांनी वाढतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीवर राधाकृष्णन आणि मँचेस्टर यांना दिसलं की हा मंदावायचं सोडून अचानक वेगाने फिरतोय. (राधाकृष्णन म्हणजे सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. पुढे बंगलोरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटचे संचालक झाले.) एका फेरीचा वेळ किती कमी झाला? सुमारे ०.२ मायक्रोसेकंद. तुम्ही म्हणाल हे कुणाला कळणार! पण दिवसाला साडेनऊ लाख फेऱ्या होतात. दिवसअखेर ठोके चक्क ०.२ सेकंद आधी यायला लागतात, म्हणजे दोन ठोक्यांहून जास्त फरक. लपवून लपत नाही. याला ग्लिच म्हणतात, आणि वेला दर दोन-तीन वर्षांनी हे करतो.

रुडरमन यांनी १९६९ मध्येच म्हटलं की कवच तडकत असावं, ताऱ्यावरचा भूकंप. पण वेलाचे हिसके इतके मोठे आणि इतक्या वारंवार येतात की नुसत्या तडकण्याने भागत नाही. मग १९७५ मध्ये अँडरसन आणि इतोह यांनी दुसरी कल्पना मांडली. कवचाच्या खालच्या भागात अणुकेंद्रांच्या मधून मोकळे न्यूट्रॉन असतात आणि ते सुपरफ्लुइड असतात. सुपरफ्लुइड बादलीतल्या पाण्यासारखं फिरत नाही, ते असंख्य बारीक भोवऱ्यांच्या रूपाने फिरतं. मंदावायचं तर भोवरे बाहेर सरकले पाहिजेत. आणि हे भोवरे जालकातल्या अणुकेंद्रांमध्ये अडकून बसतात, जसा पतंगाचा मांजा बाभळीत. कवच मंदावतं, आतलं द्रव मंदावू शकत नाही, फरक साठत जातो, आणि एक दिवस हजारो-लाखो भोवरे एकदम सुटतात. साठलेला वेग कवचाला मिळतो. ठोका लवकर येतो.

म्हणजे बघा, आपल्याला घन पदार्थ दिसत नाही, पण त्यात अडकलेली वस्तू सुटली की कळतं.

आता एक हिशोब करू, तो मला फार आवडला. वेला रोज ११ नॅनोसेकंद मंदावतो आणि हिसक्याला साधारण २०० नॅनोसेकंद परत मिळवतो. म्हणजे एका हिसक्याने अठरा-एकोणीस दिवसांचं मंदावणं पुसलं जातं. हिसके साधारण हजार दिवसांनी. हजारातले अठरा-वीस, म्हणजे दोन टक्क्यांच्या अल्याड. याचा अर्थ ताऱ्याच्या एकूण फिरण्याच्या जडत्वातला किमान एवढा हिस्सा कवचापासून सुटा, वेग साठवून बसलेला असायला हवा. कवचातले न्यूट्रॉन एवढे आहेत का? अनेक वर्षं उत्तर होतं, आहेत की. सगळे खूश. मग २०१२-१३ मध्ये काही लोकांनी दाखवलं की हे मोकळे न्यूट्रॉन वाटतात तितके मोकळे नाहीत. जालकातून जाताना ते त्याच्याशी गुंततात आणि बरेचसे त्याच्याबरोबरच ओढले जातात. तसं असेल तर साठा चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो आणि हिशोब बसत नाही. त्या पेपरचं शीर्षकच होतं, 'कवच पुरेसं नाही'. वाद अजून चालू आहे. गुंतणं खरंच इतकं असतं का, की ताऱ्याचा गाभाही यात सामील असतो, यावर मंडळी भांडतात.

हे मला खूप विश्वासार्ह वाटतं, कारण इथे आकाशातून आलेला आकडा सिद्धांताला 'नाही' म्हणू शकतो. आणि हे 'नाही' ऐकण्याचं काम आपल्या महाराष्ट्रातही चालतं. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडद. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. हीच जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. आपल्यापैकी किती जण त्या रस्त्याने मिसळ खायला गेलेत आणि खोडदला वळलेले नाहीत! (मी धरून.) पुण्याच्या एनसीआरएमधले भालचंद्र जोशी, अविषेक बसू आणि सहकारी यांनी जीएमआरटी आणि उटीची दुर्बीण वापरून तरुण पल्सारांवर पाळत ठेवली, आणि २०२० साली आठ पल्सारांचे अकरा हिसके प्रसिद्ध केले. त्यातले तीन त्याआधी कुणीच नोंदवलेले नव्हते. वेलाचा १२ डिसेंबर २०१६ चा हिसकाही त्यात आहे. तो टास्मानियातल्या एका दुर्बिणीने तर ठोका-ठोका टिपला, आणि त्यात ऐन हिसक्याच्या वेळी एक ठोका चुकला! काळजात धस्स होतं ना, तसं. अशी बातमी मात्र मला कुणी फॉरवर्ड केली नाही.

आता हिंगोली. आमच्याकडून यवतमाळ-पुसद करत गेलं की पुढे हिंगोली जिल्हा, तिथे औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगामुळे मामांना पाठ. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया होतंय, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची वेधशाळा, गुरुत्वीय लहरी पकडायला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी मंजूर केले. कृष्णविवरांच्या टकरींबद्दल सगळे बोलतात. पण ही यंत्रं आणखी एक गोष्ट शोधतात, न्यूट्रॉन ताऱ्यावरचे डोंगर.

गाडीचं चाक बॅलन्स करताना गॅरेजवाला रिमला एका जागी शिशाचा तुकडा ठोकतो, आठवतं? एका बाजूला जरा जास्त वजन असेल तर फिरताना चाक थरथरतं. तसंच ताऱ्याच्या एका बाजूला जरासा उंचवटा असेल, तर फिरताना तो सतत एका सुराच्या गुरुत्वीय लहरी सोडतो. फिरण्यामुळे तारा विषुववृत्तावर फुगतो ते चालत नाही, ते सगळीकडून सारखं असतं. एका बाजूचाच हवा. पृष्ठभागावरचं गुरुत्व आपल्या शंभर अब्ज पट, त्यामुळे 'डोंगर' म्हणजे किती उंच? तर सिम्युलेशनची मजबुती खरी धरली तर कवच फार तर काही सेंटिमीटरचा पेलेल. अलीकडची काही गणितं तर मिलिमीटरच्याही आत सांगतात.

आजवर काय सापडलं? शून्य. एकही सूर नाही. पण हे शून्य कसलं आहे बघा. क्रॅब पल्सार मंदावतो तेव्हा किती ऊर्जा गमावतो ते आपल्याला ठाऊक आहे. लायगोच्या तिसऱ्या फेरीने सांगितलं की त्यातला दहा हजारावा हिस्साही गुरुत्वीय लहरींतून जात नाही. २०२० मध्ये काही अतिवेगवान पल्सारांबद्दल कळलं की त्यांच्यावरचा उंचवटा केसाच्या जाडीपेक्षा जास्त नाही. बारा किलोमीटर त्रिज्येच्या, दीड सूर्याएवढ्या वजनाच्या गोळ्याबद्दल, इतक्या दुरून, आपण केसाच्या जाडीची खात्री देतोय!

याने सिम्युलेशन खोटं ठरलं का? नाही. टेबल मजबूत आहे म्हणून त्यावर वजन ठेवलेलंच असेल असं नाही. पण निदान टेबलावर हत्ती नाही एवढं तरी कळलं. अशा लहरी महिनोन्महिन्यांच्या डेटातून उपसून काढाव्या लागतात. त्यासाठी वेगवेगळ्या यंत्रांचा डेटा एकमेकांशी ताडून पाहण्याची एक पद्धत २००८ मध्ये मांडणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर होते. जगात आणखी एक कान वाढला तर त्याचा उपयोग कसा, ते यावरून समजावं.

मामांचा दुसरा प्रश्न अर्थातच आला होता, गाडीत. "२६०० कोटी कायले?" सोयाबीनची, कापसाची जी अवस्था आहे ती बघता हा प्रश्न फालतू नाही. यावर आपले लोक ठरावीक उत्तर देतात, की अशा संशोधनातून पुढे तंत्रज्ञान येतं, मोबाइल येतो वगैरे. मीही दिलं. येतंही कधी कधी. पण तेवढ्यासाठी हे बांधतोय असं सांगणं म्हणजे थाप आहे आणि मामांना थाप लगेच कळते. कापसाच्या भावाचं उत्तर पल्साराकडे नाही. माणशी भागाकार केला तर एकदाच एकोणीस रुपयांच्या आत पडतात, हेही सांगून पाहिलं. "असे माणशी सगळेच सांगतेत," मामा म्हणाले. बरोबरच आहे.

माझं खरं उत्तर आता हे आहे. हे पैसे आपण कॉम्प्युटरात बनवलेला आणि कॉम्प्युटरातच तोडलेला पदार्थ खरा तपासायला देतोय. ज्याचा तुकडा कधी हातात येणार नाही, आलाच तर दाब सुटल्याक्षणी फुटून जाईल, त्याची टेस्ट दुसऱ्या कुठल्याच मार्गाने होणार नाही. आणि माझी भीती अशी, की हिंगोलीचं यंत्र सुरू होईल, दोन-चार वर्षं डोंगर शोधेल, आणि निकाल येईल की सापडला नाही. त्या दिवशी पेपरात हेडिंग येईल, '२६०० कोटी पाण्यात'. आपणच फॉरवर्ड करू. तेव्हा कृपा करून विचारा की किती मिलिमीटरपर्यंत सापडला नाही. ऑफिसात टेस्टरने बग सापडला नाही म्हटलं की आपण विचारतोच ना, काय काय तपासलं?

गेल्या रविवारी फोनवर मामांना वेलाचा हिशोब सांगितला. अकरा नॅनोसेकंद वगैरे सोडून, मांज्याची उपमा देऊन. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तोडून नाई पाह्यला. आपोआप सुटते तवा ध्यान ठेवून बसले." मी म्हटलं हो. "मंग असं सांगायचं ना आधीच."

फेब्रुवारीत, कापूस निघाला की औंढ्याला जायचं ठरलंय. मामांना दर्शन घ्यायचंय, मला ती जागा बघायचीय. आत सोडणार नाहीत बहुतेक, कुंपणाबाहेरून जे दिसेल ते. येताना गिरडचा एक दगड घेऊन आलो होतो, तो सध्या मॉनिटरखाली ठेवलाय.